घडीची सीट

रात्री नऊला लाइट आली
तेव्हा ओट्यावर लॅपटॉप उघडून बसले.
नागपूर, मग दिल्ली, मग सलग चौदा तास.
कंपनीनं यंदा पहिल्यांदाच पुढच्या वर्गाचं तिकीट दिलंय,
जिथं खुर्चीची खाट होते.
फक्त जागा निवडायची राहिली होती.

बाबा सुपारी कातरत मागं येऊन उभे.
दारव्हा डेपो, एकतीस वर्षं, बिल्ला नंबर चारशे सात.
पडद्यावर विमानाचा नकाशा :
एक खुर्ची, मग दोन, मग एक,
पऱ्हाटीच्या तासांसारखी.
"एवढ्याच? आपल्या गाडीत पंचावन्न बसत होते,
अन् बाजाराच्या दिवशी तं मोजाचंच नाही."

मग चष्मा पुसून ते कामाला लागले.

"चाकं कुठी हायेत?"
हवेत चाकं नसतात, बाबा.
"उतरतानी तं असतीन. चाकावरची नको, कंबरडं मोडते.
मुतारीजवळची फुकट देली तरी नको.
ऊन कोणत्या हाताले येते?"
रात्रीचं विमान आहे.
"मंग सकाय होईनच ना कधी."

सकाळच्या गाडीनं यवतमाळला जाताना
ऊन उजव्या हाताला येतं, डावीकडं बसा,
हे त्यांनी मांडीवर तान्हं असलेल्या
किती बायांना सांगितलं असेल.
त्याचा हिशेब पेटीत जमा होत नसे.

मी वाचून ठेवलेलं सगळं सांगितलं :
सम आकड्याच्या ओळीत खुर्ची खिडकीला चिकटून,
विषम ओळीत वाटेला.
नवव्या ओळीला खिडकीच नाही, नुसती भिंत.
पहिलीत पाय ऐसपैस, पण तिथं पाळणा लागतो.
शेवटच्या ओळीमागं स्वयंपाकघर,
रात्रभर भांडी, दिवा, पडद्याची सरसर.
"सहा अ," मी म्हटलं. "सगळ्यात शांत.
कोणी दिसत नाही, कोणाला आपण दिसत नाही."

बाबांनी सुपारी तोंडात टाकली.
समोर बाभळीखाली कोणाची तरी मोटारसायकल
सुरू होत नव्हती.

"अन् कंडक्टर कुठी बसते?"

कंडक्टर नसतो. जेवण देणाऱ्या पोरी असतात.
"थ्याच. थ्या कुठी बसतेत?"

नकाशात ते दाखवत नाहीत.
मला आठवलं : दाराजवळ भिंतीला घडी करून लावलेली
एक फळी असते. उडताना आणि उतरताना तेवढी उघडतात,
पट्टा बांधून बसतात, आपल्याकडं तोंड करून.
बाकी सगळा वेळ बहुतेक उभ्याच.

ओळखीच्या माणसाचं नाव निघाल्यासारखी
बाबांनी मान हलवली.
दाराजवळ त्यांचीही एक सीट होती,
तिच्यावर कायम दुसरंच कोणी :
ओली बाळंतीण, कोंबड्यांची टोपली,
परीक्षेला निघालेला पोरगा, उन्हाळ्याच्या सुट्टीत मी.
आई सांगते, रात्री झोपेत हात वर जायचा
घंटीची दोरी ओढायला.

"तिच्या समोरची घे."
तिथं झोप लागत नाही, बाबा.
सगळ्यात वाईट जागा आहे ती,
तसं लाल अक्षरात लिहिलंय.

"चौदा घंटे झोपून काय करशीन?
एखाद्यानं विचारा लागते व, जेवली काय म्हणून.
मले एकतीस वर्षात चौघायनं विचारलं.
चौघायचे गावं सांगतो.
लाडखेड. बोरी. लोही. अन् एक थे..."

चौथं गाव त्यांना आठवेना.
बोटं मोजून पाहिली, थांबे उलटे म्हणून पाहिले,
मग उठून आत गेले.
पडदा सांगत होता, चार मिनिटं उरली.
माझं बोट सहा अ वर.

उशिरा कधीतरी, लाइट गेल्यावर,
आतल्या खोलीतून आवाज आला,
"कामठवाडा."

आणि थोड्या वेळानं, कूस बदलत,
"म्हातारी होती व.
थे तं सोताच उभी होती."